खालचा बी

बावीस वर्षं उभ्यानं वाजवलं.
घोडीच्या मागं, जनरेटरच्या पुढं,
पोचे पडलेला साधा ट्रॉम्बोन,
दांडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.
वरातीत कोण ऐकतंय खालचा सूर?

आता मुजावर सरांनी सांगलीत
सतरा जणांचा बँड उभा केलाय,
उभा म्हणजे बसून वाजवायचा.
पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार आम्ही,
पुढ्यात स्टँड, स्टँडवर कागद.
"लोखंडे, चौथी खुर्ची तुमची. पण बास आणा."

म्हणून आज मिरजेत.
सोबत मेहुणा, त्रिचूरला सोनं गाळतो,
लग्नापुरता विट्याला आलेला.
रसूलचाचांनी सतारींच्या खालून दोन पेट्या ओढल्या.

पहिला एका व्हॉल्व्हचा.
दांडी अशी सरकते की हात पुढं गेल्यावर कळतं.
अठ्ठावीस हजार.
दुसरा दोन व्हॉल्व्हचा, मुलामा उडालेला,
गळ्याशी कुणाच्या तरी घामाचा हिरवा डाग.
सेहेचाळीस.

मेहुण्यानं नखानं टिचकी मारली, कान लावला.
"तांबं बरं आहे. बाकीचं
वितळवल्याशिवाय सांगता यायचं नाही."
चाचा म्हणाले, "मग राहू द्या."

पहिल्यावर वाजवलं. गोड. काचेचं कपाट किणकिणलं.
दुसऱ्यावर तोच सूर लावला,
तर माळ्यावर वाळत टाकलेले भोपळे
एकेक करून घुमायला लागले,
आणि कोपऱ्यातला विकला न गेलेला तानपुरा
हात न लावता काहीतरी बोलला.
पोऱ्या चहा घेऊन दारातच थांबला.

तरी अठरा हजार म्हणजे अठरा हजार.
हिशेब सगळा एका सुराचा आहे.
एकसष्टावा बार, चार मात्रा, खालचा बी.
अख्ख्या कागदात एकदाच.
एका व्हॉल्व्हवर तो नसतोच,
ओठ सैल सोडून फसवून काढायचा,
आलाच तर ढेकर दिल्यासारखा येतो.
आमच्या गावात बी म्हणजे 'सुद्धा'.
मी बी, तू बी, बँडवाले बी जेवून घ्या,
पण शेवटच्या पंगतीला.

दुसरा व्हॉल्व्ह मधल्या बोटानं दाबायचा,
डाव्या हाताच्या.
ते बोट माझं पेरभर कमी आहे.
लूमवर गेलं, विट्यात, रात्रपाळीला.
लिव्हर समोर, बोट हवेत,
मध्ये अर्ध्या इंचाची जागा.
मी ट्रॉम्बोन पेटीत ठेवला.
"पहिलाच बांधा," म्हणालो.

चाचांनी पेटी बंद केली नाही.
माझा हात धरून बराच वेळ बघितला,
सतारीचा पडदा बसवताना बघावा तसा.
मग गल्ल्यात शोधून
चालत नसलेलं चार आण्याचं नाणं काढलं.
मेहुण्यानं शर्टाच्या बाह्या सरसावल्या,
फुंकणी मागितली, डाग मागितला.
सोनं गाळणारा माणूस
चार आणे चिकटवायला पाऊण तास बसला
आणि मध्ये एकदाही बोलला नाही.
नाणं गार झाल्यावर बोट ठेवलं.
पोचलं.

बत्तीस रोख, बाकी दिवाळीनंतर.
चाचांनी वहीत नाव लिहिलं,
नाण्याचे पैसे लावले नाहीत.
एसटीत पेटी मांडीवर आडवी,
कंडक्टरनं विचारलं, "आत काय?"
मेहुणा म्हणाला, "अठरा किलो."
खोटं. नऊसुद्धा नसेल.

गुरुवारी तालीम. बाकीचे सगळे वर, उजेडात,
ट्रम्पेट तर जवळजवळ छतावर.
एकोणसाठ. साठ.
मी नाण्यावर बोट टेकलं, श्वास सोडला.
चार मात्रा.
पायाखालची फरशी जराशी हलली असेल,
किंवा बाहेरून ट्रक गेला असेल.
मुजावर सरांनी मान वर केली नाही.
पान उलटलं.
पुढचे आठ बार मला काही नव्हतं.
मी मोजायला लागलो.